'सर अंतरले' की 'सरांना अंतरलो'?

मांडवीकाठ :
आमच्या सरांना जाऊन श्रावणात वर्ष होईल. फोंड्याचे आम्ही चौघे त्यांची स्मरणिका काढतोय. माझा लेख 'सर अंतरले त्या रात्री पाऊस धरून होता' असा सुरू होतो. पुण्याहून प्रुफं आली, तर 'अंतरले'खाली लाल रेघ आणि समासात प्रश्न, 'कुणाला?' आमच्याकडे कुणी गेलं की हाच शब्द कानावर येतो. मराठीत चूक आहे का? फर्मा शनिवारी मशीनवर जातोय.

जुना मुद्रितशोधक :
रेघ बरोबर आहे. कोकणीत 'अंतरलो' म्हणजे वारला. मराठीत अंतरणं म्हणजे मुकणं. 'लहानपणीच आईला अंतरलो' म्हणतो, तेव्हा जाते आई, अंतरतो मुलगा. तुमचं वाक्य वाचून वाटलं, सरांचंच कुणीतरी गेलं. 'निवर्तले' लिहा.

बकुळ :
काका, 'निवर्तले' घरात कोण बोलतं? माझी आजी पेडण्याची, 'पोर अंतरलं गो' म्हणायची. आणि 'पोर आईला अंतरलं' यात गेलं कोण, हे तुम्हालाही मागचंपुढचं वाचूनच कळणार ना?

साळावली :
मूळ 'अंतर्धान' असावं. दिसेनासं होणं.

जुना मुद्रितशोधक :
नाही हो. साधं 'अंतर', दुरावा. 'अंतर देऊ नकोस' म्हणतो त्यातलंच. आणि आजीचं बोलणं तिच्या तोंडी गोडच, पण सगळी कोकणी रूपं छापू लागलो तर मराठीचं मराठीपण कुठे राहील?

बकुळ :
बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली. 'दूधसागर' मराठीत, आणि १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार 'सासाय'ला, कोकणीसाठी. इथे लिहिणाऱ्याच्या जिभेवर दोन्ही असतात, त्याला काय करणार?

मांडवीकाठ :
काका, 'अंतर देऊ नकोस' वाचलं आणि पुढचं वाचवेना. माझी पहिली कथा सरांनी तीनदा परत केली. तिसऱ्यांदा पेन्सिलीनं दोनच शब्द होते, 'मासळीचा वास?' म्हापशाच्या बाजाराचं दीड पान वर्णन, आणि वास कुठेच नव्हता. चौथ्या वेळी कथा घेऊन ते स्वतः घरी आले. अंतर कधी दिलं नाही त्यांनी.

रानमोगरा :
नावाआधी 'कै.' घालणार का? देव मानणारे नसतील तर कैलासात कशाला पाठवता? बोरकर १९८४ला गेले, आमच्याकडे अजून बाकीबाबच आहेत. 'कै. बाकीबाब' मी तरी ऐकलं नाही.

साळावली :
'बाब' जिवंत माणसाला हाक मारायचा शब्द. मराठी स्मरणिकेत चालेल?

बकुळ :
गोव्याच्या मराठीत का चालू नये?

जुना मुद्रितशोधक :
'सर मला अंतरले' असं केलंत तर रेघ मागे घेतो. नुसत्या 'अंतरले'ला माझी हरकत कायम आहे. तो पेन्सिलीचा कागद जपून ठेवलाय का? असेल तर स्मरणिकेत तोच छापा, आतल्या पहिल्या पानावर.

रानमोगरा :
आणि 'कै.'चं काय ठरलं?