‘मॅप’ला खतावणी म्हणावे का?

प्रश्न : जावास्क्रिप्ट या संगणकभाषेवर मराठीत टिपणे लिहिताना ‘की-व्हॅल्यू’ जोड्यांच्या (जिच्यावरून शोधायचे ती ‘की’, तिच्याशी जोडलेली माहिती ती ‘व्हॅल्यू’) संग्रहापाशी माझे अडते. ‘व्हॅल्यू’साठी ‘किंमत’ पुरेसा वाटतो, कारण ‘क्षची किंमत काढा’ हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ‘की’ला मात्र कळ म्हणावे की किल्ली, आणि २०१५ च्या आवृत्तीत भाषेत आलेल्या ‘मॅप’ या अशा संग्रहाला काय म्हणावे? ‘नकाशा’ वाचून वाचक भलतीकडेच जाईल.

प्रतिसाद : ‘कळ’ टाळावी; ती कळफलकावरची, दाबण्याची वस्तू आहे. किल्लीला कुलूप हवे, आणि येथे तर केवळ नावावरून नोंद शोधायची असते. मला जमाखर्चाची भाषा जवळची वाटते. रोजकीर्दीत नोंदी घडतील त्या क्रमाने उतरतात, हा झाला क्रमवार यादीचा ‘अ‍ॅरे’. खतावणीत खात्याचे नाव पाहून थेट त्या पानावर जातात, हा झाला ‘मॅप’. मग ‘की’ला ‘खातेनाव’ म्हणता येते आणि क्रियापदेही आपोआप मिळतात : ‘सेट’ने खाते उघडावे, ‘हॅज’ने ते आहे का पाहावे, ‘डिलीट’ने काढून टाकावे. नुसत्या महिरपी कंसांनी केलेला ऑब्जेक्ट, म्हणजे अशाच जोड्या ठेवणारी भाषेतली दुसरी रचना, या कामी जपून वापरावा, कारण ती वही कोरी दिसत असली तरी ‘कन्स्ट्रक्टर’ हे नाव शोधल्यास तिच्यात सापडते. ते प्रोटोटाइपकडून, म्हणजे ऑब्जेक्टच्या मूळ नमुन्याकडून, वारशाने आलेले असते. शिवाय ऑब्जेक्टमध्ये १ हा अंक आणि अवतरणचिन्हांतला ‘१’ एकच ठरतात, मॅपमध्ये ते वेगळे राहतात.

प्रश्नकर्ता : दाखला फार आवडला, पण दोन ठिकाणी तो अपुरा पडतो. खतावणीत एका खात्याखाली अनेक नोंदी साठतात, तर मॅपमध्ये तीच ‘की’ पुन्हा ‘सेट’ केली की जुनी किंमत जाते. दुसरे असे की, मॅपची ‘की’ एखादा ऑब्जेक्ट किंवा फंक्शनही (नेमून दिलेले काम करणारा आज्ञांचा संच) असू शकते, आणि त्याला ‘नाव’ म्हणणे चूक होईल.

प्रतिसाद : दोन्ही आक्षेप रास्त आहेत. ‘खातेनाव’ सोडून ‘खूण’ घ्यावा. जिच्यावरून नोंद ओळखायची ती खूण, मग ती अक्षरांची असो वा ऑब्जेक्टची. ‘मॅप’ हा शब्द तसाच ठेवावा आणि खतावणी केवळ समजावण्यापुरती आणावी. तेथे एक वाक्य अवश्य जोडावे : खतावणीत रकमा साठत जातात, मॅपमध्ये नवी किंमत जुनीच्या जागी बसते, आणि तरीही त्या खुणेचा क्रम ती पहिल्यांदा नोंदली गेली तेव्हाचाच राहतो.