बी.एस्सी.चा प्रकल्प कुठल्या परिषदेत मांडावा? कोल्हापूरकरांनो, सल्ला हवाय

तिसरंवर्ष_रसायन
नमस्कार. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघी मैत्रिणींनी करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर प्रकल्प केलाय. काहिलीत रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढलेला गूळ आणि हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन) घालून पिवळाधमक केलेला गूळ, या दोन्हींचा रंग, ओलावा आणि सल्फर डायऑक्साइड तपासला. मॅडम म्हणतात, हे कुठंतरी मांडा.

मेलवर 'आंतरराष्ट्रीय परिषदे'ची आमंत्रणं येतात. एका परिषदेला सारांश पाठवला, तर त्याच संध्याकाळी 'निवड झाली, शुल्क भरा' असं उत्तर आलं. माणशी काही हजार रुपये. घरी मागायचे की नाही, कळत नाही. शिवाय इंग्रजीत बोलायची धास्ती आहे. पदवीच्या मुलांसाठी खरोखर चांगलं व्यासपीठ कुठलं?

सागरमाळ
पैसे भरू नका. आधी आविष्कार.

राज्यातल्या विद्यापीठांमधली ही संशोधन स्पर्धा 2006 पासून, राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं चालू आहे. पदवीचा गट वेगळा असतो, त्यामुळं पीएच.डी.वाल्यांशी तुमची गाठ पडत नाही. आपल्या शिवाजी विद्यापीठात कॉलेज, मग जिल्हा, मग विद्यापीठ आणि पुढं राज्य अशी चढण आहे. परिपत्रक कॉलेजात येतं, पण बऱ्याचदा ते फाइलीतच राहतं. समन्वयक कोण, ते विभागात आजच विचारा.

विषयगट निवडताना थांबा. गूळ म्हटलं की कृषी गटाकडं मन धावतं. पण तुमचा प्रश्न रसायनाचा आहे, मोजमाप रसायनाचं आहे. मी तुमच्या जागी असतो तर शुद्ध विज्ञानात गेलो असतो. आणि मराठीतून मांडता येतं, ती काळजी सोडा. गुऱ्हाळातलं काम मराठीत सांगताना तुमची जीभ अडखळणार नाही, आणि परीक्षकांनाही तुम्ही ते स्वतः केलंय हे कळेल.

पेठेतला_प्राध्यापक
सागरमाळ यांच्याशी सहमत. त्या मेलबद्दल थोडं. एकाच परिषदेत अभियांत्रिकी, आयुर्वेद, वाणिज्य आणि साहित्य असेल, निवड काही तासांत होत असेल आणि प्रत्येक लेखकाकडून वेगळे पैसे मागत असतील, तर तिथं तुमचं काम कुणी वाचत नाही. प्रमाणपत्र मिळतं, प्रश्न एकही मिळत नाही. 'यूजीसी केअरमध्ये (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत) छापून देऊ' या आमिषालाही भुलू नका. ती यादी आयोगानं 2025 मध्ये बंदच केली.

शुल्क घेणारी प्रत्येक परिषद खोटी नसते. जवळच्या कॉलेजांतली राष्ट्रीय चर्चासत्रं विद्यार्थ्यांकडून थोडं शुल्क घेतात, जेवण-चहा देतात आणि पोस्टरसमोर खरे अभ्यासक उभे राहतात. तिथं जरूर जा. आयोजक विभाग कुठला, बीजभाषण कुणाचं, मागच्या वर्षी काय झालं, एवढं बघितलं तरी पारख होते.

अटलांटाहून_कोल्हापुरी
इथं अमेरिकेत पदवीच्या मुलांची एक राष्ट्रीय परिषदच आहे, एनसीयूआर. 1987 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या अॅशव्हिल विद्यापीठात सुरू झाली. ब्रिटननं त्याच धर्तीवर 2011 पासून स्वतःची परिषद सुरू केली. विसा आणि तिकिटाचा खर्च बघता तुम्ही आत्ता इकडं यायची काही गरज नाही. पण अशा परिषदांतले सारांश नेटवर शोधून वाच. आमचा प्रश्न हा, आम्ही हे केलं, आकडे हे आले. एवढ्यातच संपतात. आपल्याकडं अर्धा सारांश 'गूळ हा आरोग्यास हितकारक असून' यातच जातो. ते खोड.

गुळव्याचा_नातू
मी शेतकी शिकलोय, म्हणून पोस्टरपेक्षा कामाबद्दलच विचारतो, कारण परीक्षक हेच विचारणार. दोन्ही गुळांचा ऊस एकच होता का? वाण कुठला, को 86032 की को 92005? नवी लागण की तोडणीनंतर फुटलेला खोडवा? रान खारवट होतं का? यातल्या प्रत्येक गोष्टीनं गुळाचा रंग आणि कणी बदलते. मग फरक भेंडीमुळं पडला, हे कशावरून म्हणायचं?

दुसरं, सल्फर डायऑक्साइड आयोडीननं मोजला असेल, तर गुळाचं द्रावण मुळातच तांबूस. शेवटचा निळा रंग नेमका कधी आला, हे कसं ठरवलं? गुळातले इतर पदार्थही थोडं आयोडीन खातात. काहीच न घातलेला गूळ तुलनेला घेतला होता का? घेतला नसेल, तर गुऱ्हाळं चालू आहेत तोवर एक काहील तशी करून घ्या.

आणि कोल्हापुरातच ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. को 92005 हा गुळासाठीचा वाण तिथलाच. परिषदेच्या आधी तिथं कुणाला तरी तुमचे तक्ते दाखवा. ते जे खोदून विचारतील, त्यानं तुमची तयारी होईल.

पोस्टर मॅट कागदावर काढा. फ्लेक्सवर दिव्याची चकाकी येते आणि आलेख दिसत नाहीत.

तिसरंवर्ष_रसायन
सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे भरत नाही. उसाचा वाण आम्ही फक्त दोन गुऱ्हाळांत विचारला होता, बाकीच्यांना या आठवड्यात विचारतो. काहीच न घातलेल्या गुळासाठी एका काकांना फोन केला, ते हो म्हणाले. एक शंका: पोस्टरवर गुऱ्हाळांची नावं घालायची का? त्यांनी फार मदत केलीय.

पेठेतला_प्राध्यापक
नावं घालू नका. नमुन्यांना अ, ब, क म्हणा, गावही लिहू नका. ज्याच्या गुळात सल्फर जास्त निघालं, त्याचं नाव भिंतीवर लागलं तर मार्केट यार्डातल्या सौद्यात त्याचा भाव पडेल. आभारात 'करवीर तालुक्यातले गुऱ्हाळमालक' एवढं पुरे. पण निकाल मात्र परीक्षकांच्या आधी त्यांना दाखवा, ज्याचा त्याला, मराठीत लिहून.