अप्पर-डिपरचं बटण घरी दुरुस्त केलं, हेडलाइट गेला: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, गाडी १५० सीसी, २०१४ची, म्हणजे हेडलाइटला वेगळं बटण असलेली. (१ एप्रिल २०१७नंतर बनलेल्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर कायम चालूच, त्यांच्या मालकांना हा खेळ अर्धाच माहीत.) महिनाभर अप्पर-डिपर (लांबचा-जवळचा झोत बदलायचं बटण) चिकटत होतं. रविवारी पाऊस लागलेला. पार्किंगमध्ये डूम (हेडलाइटचं कवच) खोलून वायरी सोडवल्या आणि डावा स्विच वर घरी आणला. गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून दोन स्क्रू काढले, आतली पट्टी नखाने उचलली, तर टिक् आवाज करून स्प्रिंगसकट छर्रा उडाला. स्प्रिंग तुळशीच्या कुंडीत मिळाली. छर्रा नाहीच. सायकलवाल्याकडून त्याच मापाचा आणला, तांब्याच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, ग्रीसचा ठिपका दिला. बटण आता मस्त चालतं. फक्त हेडलाइट लागत नाही. अप्पर करा नाहीतर डिपर करा, मीटरमधला निळा दिवा (अप्पर चालू असल्याची खूण) मात्र दोन्ही वेळा पेटतो! बल्ब बदलून झाला, फ्यूज शाबूत आहे. स्विच तीनदा उघडून पाहिला. उपाय सांगाच, पण तुम्ही स्वतः काय घोळ घातलात तेही सांगा, म्हणजे घरच्यांना दाखवता येईल.

*

नाना पेठेत जाऊन नवा स्विच आणला असता तर रविवारची झोप झाली असती. बाकी चालू द्या.

*

माझा दिवा कात्रजच्या जुन्या घाटात गेला. डावं वळण आलं की अंधार, उजवं आलं की उजेड. जीव मुठीत धरून उतरले. त्याआधी आठवड्यापूर्वी मीच स्विच उघडून सोल्डर मारलं होतं, त्यामुळे घरी येऊन तोच पुन्हा उघडला. आत सगळं ठीक. मग भावाने हेडलाइट चालू ठेवून हँडल हळूहळू फिरवलं आणि मी वायरींचा जुडगा इंच-इंच चिमटीत दाबत गेले. स्टिअरिंगच्या मानेपाशी दाबलं की दिवा फडफडायचा. बाहेरचं प्लास्टिक अखंड, आतली तार तुटलेली. अशी वायर दोन्ही बाजूंनी हलकेच ओढली तर तुटल्या जागी रबरासारखी लांबते, हे तेव्हा कळलं. चूक माझीच होती. स्विच परत बसवताना वायर ताणून बांधली होती, हँडल पूर्ण वळायला ढील ठेवलीच नव्हती.

*

आमची जुनी १०० सीसी. बटणाचं काम केल्यावर बल्बच्या होल्डरला मल्टिमीटर लावला, शून्य. चावी चालू, शून्य. दोन संध्याकाळी स्विच, कपलर, फ्यूज सगळं तपासलं. शेवटी पुतण्या म्हणाला, "काका, इंजिन कुठे चालू आहे?" बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच. मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या, कॉइलमधून एसी करंट येतो, म्हणून तर रेस दिली की उजेड वाढतो. इंजिन चालू केलं, तरी शून्य. मीटरचा काटा डीसीवरच ठेवला होता! एसीवर आणला तर करंट व्यवस्थित येत होता, बल्बच गेलेला. पुतण्या आता नोकरीला बंगळूरला असतो, पण दिवाळीत हा किस्सा अजून निघतो.

*

मल्टिमीटरवर फार विसंबू नका, हे माझ्याकडून. मी होल्डरला १२ व्होल्ट बघून "स्विच ओके" म्हणालो आणि दिवा तरी पिवळट, मेणबत्तीसारखा. वायरीची एकच काडी धरून असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. ३५ वॉटचा बल्ब साधारण तीन अँपिअर ओढतो, तेव्हा खरं पितळ उघडं पडतं. तपकीर गल्लीतून दोन मगरचिमटे आणले, इंडिकेटरच्या बल्बला जोडून टेस्ट लॅम्प केला. हेडलाइट चालू ठेवून मोजलं तर बॅटरीवर १२.४ आणि होल्डरवर १०.६. एवढ्याने काय होतं असं वाटेल. पण व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, इथे तर त्याहून जास्त पडलं होतं. दोष माझ्या सोल्डरचा होता. डाग वरून चकचकीत, आत तार कोरडी. आणि सोल्डरची गन फार वेळ टेकवल्याने शेजारचं प्लास्टिक वितळून पट्टी वाकडी झाली होती ती वेगळीच. जिथे सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने बरोबर तिथेच तुटते, म्हणून आता मी लग (वायरीच्या टोकाची धातूची क्लिप) दाबून बसवतो.

*

स्विच मुळात जळला का, हे कुणी विचारत नाही. माझ्या ३५ वॉटच्या जागी आधीच्या मालकाने १०० वॉटचा बल्ब टाकला होता. तीन स्विच बदलल्यावर अक्कल आली आणि रिले (स्विचच्या छोट्या करंटने बल्बचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) बसवला: पिन ३०ला बॅटरी, ८७ला बल्ब, ८५-८६ला स्विचचा करंट आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट). स्विचमधून मग नावापुरताच करंट जातो. बॅटरीजवळ फ्यूज टाकायचा मात्र राहिला. वायर फ्रेमवर घासली आणि सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये सीटखालून धूर. मागच्या रिक्षावाल्याने ओरडून सांगितलं, नाहीतर मला पत्ताच नव्हता.

*

दादा, "निळा दिवा दोन्ही वेळा पेटतो" इथेच उत्तर आहे. स्विच सोडा, अर्थ बघा. बल्बच्या दोन्ही फिलामेंटचा (आतल्या पेटणाऱ्या तारांचा) अर्थ एकच असतो. तो सुटला की डिपरचा करंट डिपरच्या फिलामेंटमधून आत येतो, बाहेर जायला वाट नाही, म्हणून अप्परच्या फिलामेंटमधून उलटा निघतो आणि निळ्या दिव्यातून अर्थला जातो. निळा दिवा चिमुकला, त्याचा रोध मोठा, त्यामुळे तो झकास पेटतो आणि हेडलाइटच्या वाट्याला काहीच उरत नाही. होल्डरच्या अर्थच्या पिनेपासून एक वायर थेट बॅटरीच्या मायनसला लावून बघा. दिवा लागला तर डूम खोललीत तेव्हाच ती वायर सुटली आहे.

*

लागला! अर्थची लग स्लीव्हमध्ये अर्धीच अडकली होती, बोटाने ढकलली तर खट्कन बसली. तीनदा उघडलेल्या स्विचची मनापासून माफी मागितली.

आता अप्पर केलं की डिपर लागतो आणि डिपर केलं की अप्पर. दोन वायरींची अदलाबदल मीच केलेली दिसते. डूम पुन्हा खोलतो, पण पाऊस थांबल्यावर.