मदत हवी आहे: दहावीतल्या मुलीला फ्लुओक्सेटीन सुरू करण्याविषयी

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. मुलगी पंधरा वर्षांची. पावसाळ्यापासून जेवण तुटलंय, रात्र रात्र जागी असते, मैत्रिणींचे फोनही घेत नाही. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून फ्लुओक्सेटीन कमी मात्रेत सुरू करायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, "डोक्याच्या गोळ्या पोरीला नकोत." त्यांची काळजी मला कळते, पण रोज तिचा चेहरा बघवत नाही.

मी वाचलंय ते असं: लहान मुलांच्या नैराश्यासाठी सर्वांत जास्त पुरावा याच औषधाचा आहे. अमेरिकेत वयाच्या आठव्या वर्षापासून पुढे ते मान्य आहे. पण तिथल्याच औषध प्रशासनाने 2004 मध्ये नैराश्यावरच्या सगळ्याच गोळ्यांबद्दल ठळक इशारा दिला. या गोळ्यांच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्या सुमारे 4 टक्के मुलांत दिसलं, तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिलेल्यांत 2 टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. म्हणून सुरुवातीचे आठवडे आणि मात्रा बदलताना बारीक लक्ष हवं.

हे लक्ष नेमकं कसं ठेवायचं? मी नोकरी करते, दुपारी घरी फक्त सासूबाई. तुमच्या मुलांत पहिल्या आठवड्यांत चिडचिड, अस्वस्थता वाढली होती का? डॉक्टरांना कधी कळवलंत?

गोळीसोबत समुपदेशनही हवं, असं डॉक्टर म्हणाले. फोंडा-पणजी भागात मराठी किंवा कोंकणीत बोलणारे, किशोरवयीन मुलांसाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) करणारे कोणी माहीत आहे? बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात मुलांना कोणत्या दिवशी बघतात? अनुभव असलेल्यांनीच कृपया लिहा, हवं तर मेसेज करा.