मदत हवी आहे: रानातल्या पाल्याचं ख्रिसमस रीथ सैल पडतंय

घरातली रीथ (ख्रिसमसला टांगतात ते पाल्याचं गोल तोरण) करायची मोडलेली पद्धत पुन्हा सुरू करतोय, म्हणून जाणकारांना विचारतोय. ३० सेंटिमीटरचं तारेचं कडं, १२-१५ सेंटिमीटरच्या डहाळ्या, तीन-चार डहाळ्यांची एक जुडी. प्रत्येक जुडीचे देठ पुढच्या जुडीच्या पाल्याखाली झाकायचे, दिशा एकच, आणि तार मधे न तोडता देठांवर तीन वेढे. इथवर जमतं.

अडचण पुढे आहे. फांद्या रात्रभर पाण्यात ठेवूनही काही दिवसांत देठ सुकून आकसतात, वेढे ढिले होतात, जुड्या घसरतात. बोट लावलं तरी फिरतात. तार आणखी आवळली तर कोवळी साल चिरते. तारेऐवजी सुतळी चालेल का? की वेलीचं खडबडीत कडं घेतलं तर पकड टिकेल?

स्प्रूस हे सूचिपर्णी झाड उबदार घरात लवकर सुया (सुईसारखी पानं) गाळतं, म्हणून फर आणि पाइन ही दुसरी सूचिपर्णी झाडंच घेतलीत. हॉली या काटेरी पानांच्या झाडाची लाल फळं मात्र सुरकुतून काळवंडतात. ती टांगायच्या आदल्या दिवशीच खोवावीत का? (यू हे सदाहरित झाड विषारी, ते मुद्दाम टाळलंय. हॉलीची फळंही खाण्याची नाहीत, तेव्हा रीथ लहान मुलांच्या हाताबाहेरच टांगणार.)