सूर्यफुलाचे लवकर येणारे संकर उत्पन्नात मागे का पडतात?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, वनस्पती पैदास)
चार ए लाइन (नरवंध्य, म्हणजे पराग न देणाऱ्या मादी ओळी) आणि सहा आर लाइन (संकरात पराग परत आणणाऱ्या नर ओळी) घेऊन लाइन × टेस्टर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक ए लाइनचा प्रत्येक आर लाइनशी, २४ संकर केले. लवकर पक्व होणाऱ्यांचं फूल लहान आणि उत्पन्न तुल्य वाणापेक्षा (तुलनेसाठी लावलेल्या वाणापेक्षा) कमी. भरघोस देणारे ९५ दिवसांच्या पुढे जातात. एका आर लाइनची जीसीए (सर्वसाधारण संयोग क्षमता, म्हणजे तिच्या सगळ्या संकरांत सरासरीने दिसणारा प्रभाव) दिवसांसाठी उणे आहे, म्हणजे हवी तशी, पण उत्पन्नासाठीही उणेच. हे दोन गुण एकत्र येतच नाहीत असं मला सांगितलं जातं. ते मनाला पटत नाही, पण खोडून काढायला हाती काही नाही. कुठे बघू?

उत्तर १
तुम्ही पक्वतेचा एकच आकडा लिहून ठेवला असेल, तर गफलत तिथेच आहे. सुरुवातीची तीन वर्षं मीही तेच केलं आणि चांगले संकर काढून टाकले, त्याची हळहळ आजही वाटते.

दिवसांचे दोन तुकडे करा: पेरणी ते ५०% फुलोरा, आणि फुलोरा ते पक्वता. दाण्याचं वजन आणि तेल दुसऱ्या तुकड्यात भरतं. तिथून दिवस वाचवणारा संकर उत्पन्नात मार खाणारच. दिवस वाचवायचे ते पहिल्या तुकड्यातून, तेही बेताने. कारण कळी फार लवकर धरली की पानं कमी राहतात आणि फुलातल्या फुलकांची संख्याही कळीतच ठरून जाते. माझ्या प्लॉटमध्ये चार-पाच दिवस वाचवले तोवर काही बिघडलं नाही. आठ दिवस वाचवायला गेले तेव्हा फूल लहान झालं.

पक्वता झाड वाळल्यावर लिहू नका. फुलाची पाठ लिंबासारखी पिवळी झाली आणि कडेची हिरवी दलं तपकिरी पडू लागली, तो दिवस धरा.

दुसरी गोष्ट, लवकर येण्याचा गुण आधी आर लाइनमध्ये घाला. फ्रान्सचे पैदासकार लेक्लेर्क यांनी १९६९ मध्ये हेलिअँथस पेटिओलॅरिस या रानटी सूर्यफुलाच्या संकरातून नरवंध्यत्व मिळवलं. आजच्या बहुतेक ए लाइन त्याच, नरवंध्यत्व देणाऱ्या पेशीद्रव्यावर उभ्या आहेत. नवी ए लाइन बनवायची तर बी लाइन (ए लाइनची पराग देणारी जोडीदार ओळ) सांभाळत तिच्याशी सहा-सात वेळा प्रतिसंकर (पुन्हा पुन्हा संकर) करावा लागतो. आर लाइनमध्ये मात्र स्वपरागणाने निवड करत जायचं आणि अधूनमधून ए लाइनवर संकर करून सगळी झाडं पराग देतात का ते तपासायचं. वेळ निम्म्यावर येतो.

उत्तर २ (बीजोत्पादन)
मॅडमचं म्हणणं बरोबर आहे, पण अंतराचाही विचार करा. बुटका, कमी पानांचा लवकर येणारा संकर उंच संकराच्याच अंतरावर लावला की रान मोकळं पडतं आणि दोष संकराला लागतो. दाट लावून एकदा बघा.

आणखी एक: उत्पन्नाचा अंदाज पिशवी घातलेल्या फुलावरून काढत असाल तर आधी ते थांबवा. मधमाशी आत जात नाही, मग स्वपरागण कमी होणाऱ्या संकरात नुसते पोचट दाणे मिळतात.

प्रश्नकर्ती
वही पुन्हा उघडली. फुलोऱ्याच्या तारखा होत्या, पण त्या कधी जोडून पाहिल्याच नव्हत्या! एकाच आर लाइनचे दोन संकर ५०व्या दिवशी फुलले. एक ७७व्या दिवशी पक्व झाला, दुसरा ८४व्या. दुसऱ्याचं उत्पन्न तुल्य वाणाच्या बरोबरीचं आहे, आणि तुल्य वाण ९२ दिवसांचा. सरासरीच्या यादीत तो कुठेतरी मध्ये असल्यामुळे नजरेतून सुटला होता. पिशवीचं म्हणाल तर, निदान मी मोकळ्या फुलांवरूनच उत्पन्न घेतलं आहे.

उत्तर १
हाच धरा. आर लाइन एकच, म्हणजे फरक ए लाइनकडून आलाय; त्या ए लाइनचे बाकीचे पाच संकरही याच पद्धतीने बघा. आणि पुढच्या हंगामात पुन्हा लावा, कारण तापमान बदललं की फुलोऱ्याचे दिवस सरकतात. दोन हंगामांत दाणे भरण्याचा काळ टिकला तरच मी त्यावर विश्वास ठेवीन.

उत्तर २
मादी आणि नर कितव्या दिवशी फुलतात तेही आत्ताच टिपून ठेवा. नर पाच दिवस आधी फुलत असेल तर बीजोत्पादनात त्याची पेरणी तेवढी उशिरा करावी लागेल. नाहीतर मादीला पराग हवा असेल तेव्हा नराचा फुलोरा उतरलेला असेल.