रेझ्युमेतल्या कोणत्या ओळीमुळे तुम्हाला फोन आला?

शुभदा_वाचते
शेवटच्या वर्षातल्या मुलांचे रेझ्युमे मी दरवर्षी वाचते आणि वाईट वाटतं. मुलं हुशार असतात, कागदावर मात्र सगळी एकसारखी दिसतात: ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’, खाली वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि ‘वरील माहिती खरी आहे’ असं घोषणापत्र. नमुने नकोत, ते ढिगाने मिळतात. तुमच्या क्षेत्रात माणूस निवडताना नजर आधी कुठे जाते, ते सांगा.

लेथवाला
आयटीआय टर्नर, आता चाकणला मशीन शॉप सांभाळतो. आमच्याकडे येणाऱ्या बायोडाट्यांत बहुतेक वेळा ‘सीएनसी ऑपरेटर, २ वर्षं’ एवढंच असतं. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं मशीन. त्यावरून मी काय ठरवणार? टर्निंग सेंटर (भाग फिरवून कापणारं) की व्हीएमसी (फिरत्या उभ्या कटरने कापणारं)? मशीनचा कंट्रोल फानुक कंपनीचा की सिमेन्सचा? जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, कुठल्या मटेरियलचे? नुसतं लोडिंग-अनलोडिंग केलं, की ऑफसेट देणं (टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनमध्ये भरणं), टूल बदलून पहिला पीस पास करून घेणं हेही स्वतः केलं? मशीन नुसतं चालवणारा ऑपरेटर आणि ते कामासाठी लावून देणारा सेटर यांच्या पगारातला फरक इथेच तर असतो.

माझ्या हाताखालच्या एका मुलाचा बायोडाटा आम्ही जेवणाच्या सुट्टीत बसून नव्याने लिहिला: ‘फानुक कंट्रोल, ईएन८ पोलादाचे शाफ्ट, टॉलरन्स ०.०२ मिमी, सेटिंग स्वतः, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने तपासणी.’ दुसऱ्या कंपनीत तो सेटर म्हणून लागला. हाताशी आलेला मुलगा गेला, पण मला आनंदच झाला.

आणखी एक. अप्रेंटिसशिप झालेली मुलं स्वतःला ‘फ्रेशर’ लिहितात. असं करू नका रे. कंपनी, ट्रेड, कोणत्या मशीनवर होतात, सगळं अनुभवाच्या रकान्यात लिहा. शॉप फ्लोअरवर घालवलेलं ते वर्ष खरं काम आहे.

रुजवात
लेथवालादादा, हेच आमच्या आयटी भरतीतही लागू पडतं. आमच्याकडे अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातात. ते कागदातला मजकूर उपसून रकान्यांत भरतं आणि आम्ही त्यात शोध घेतो. दोन कॉलमची मांडणी, टेबलं, चित्रात बसवलेली अक्षरं असली की ओळी एकमेकींत मिसळू शकतात. हेडरमधला फोन नंबर कधी कधी गायबच होतो. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहा. तिथे सरळ वाचता आला तर काळजी नको.

जाहिरातीत ‘सेलेनियम’ (वेबसाइट आपोआप तपासायचं टूल) असेल आणि तुम्ही ते वापरलं असेल, तर ‘ऑटोमेशन टूल्स’ असं मोघम न लिहिता तोच शब्द लिहा. वापरलं नसेल तर लिहूच नका. कौशल्यांपुढे तारे रंगवणं मला अजिबात पटत नाही. जावाला पाचपैकी चार तारे म्हणजे नेमकं काय येतं?

उंबरठ्यापलीकडे
मी सॉफ्टवेअर टेस्टर. मुलगी लहान, त्यात सासूबाईंचं आजारपण, म्हणून २०१७ ते २०२१ घरी होते. महिने काढून फक्त वर्षं लिही, खंड लपेल, असा सल्ला पुष्कळांनी दिला. मी स्पष्ट लिहिलं: ‘२०१७–२०२१ : कौटुंबिक जबाबदारी. २०२१ : आयएसटीक्यूबी फाउंडेशन परीक्षा उत्तीर्ण.’ ही टेस्टिंगची परीक्षा. मुलाखतीत त्यावर एकच प्रश्न आला, मग बोलणं थेट टेस्ट केसेसवर गेलं. बायांनो, ही वर्षं लपवू नका.

एल्बेकाठी
जर्मनीत तर खंड लपतच नाही, कारण तारखा महिन्यासकट लिहायची पद्धत आहे. फोटोची पद्धत जुनी. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपन्या तो मागणं टाळतात, तरी बरेच जण लावतात. माझ्या बहिणीने अमेरिकेत अर्ज केले तेव्हा फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, यातलं काहीच लिहिलं नाही. तिथे तीच रीत.

जर्मन ‘चांगलं येतं’ असं लिहू नका, ए१ (सुरुवातीची) ते सी२ (सर्वात वरची) यांपैकी पातळी लिहा. इथे जुन्या मालकाने दिलेलं, कामाचं वर्णन असलेलं प्रमाणपत्र अर्जाला जोडतात. आपल्याकडच्या एक्स्पिरियन्स लेटरमध्ये बहुधा पद आणि तारखाच असतात, त्यामुळे नोकरी सोडतानाच मॅनेजरकडून सविस्तर पत्र मागून घ्या.

मांडवीपार
गोव्यातून क्रूझवर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या कामाच्या प्रशिक्षणाची) प्रमाणपत्रं कधीपर्यंत चालू आहेत ते पहिल्याच पानावर लिहा. एजंट आधी तेच पाहतो, स्वयंपाकातली तुमची करामत त्यानंतर.

हिंगोलीचा_बीए
सगळ्यांकडे अनुभव आहे. मी बीए मराठी, कार्यालयीन सहायकाच्या जागेसाठी अर्ज करतोय. अनुभव शून्य. टायपिंग येतं, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द. काकांच्या कृषी सेवा केंद्रात खरिपाच्या हंगामात बसतो, तेवढंच.

शुभदा_वाचते
तिथे बसून काय करतोस?

हिंगोलीचा_बीए
बिलं करतो. बियाणं-खतांचा स्टॉक रजिस्टरला चढवतो. उधारीची वही पाहतो, वसुलीचे फोन करतो.

शुभदा_वाचते
अरे, मग शून्य कसला? हे असं लिही: ‘कृषी सेवा केंद्र, खरीप हंगाम : बिलं, बियाणं-खतांची स्टॉक नोंद, उधारीचा हिशेब, ग्राहकांशी फोनवर पाठपुरावा.’ त्याखाली टायपिंग, प्रमाणपत्राच्या वर्षासकट. पदवी त्याच्यानंतर. रजिस्टर एक्सेलमध्ये ठेवत असशील तर तेही लिही.

लेथवाला
आणि काकांना विचारून त्यांचा नंबर संदर्भासाठी तयार ठेव. मी तरी अशा ठिकाणी फोन लावून विचारतो.

हिंगोलीचा_बीए
एक्सेल नाही, वहीच आहे. पण ते या आठवड्यात करून टाकतो. उद्या इथेच मसुदा टाकू का, ताई?

शुभदा_वाचते
टाक. नाव आणि नंबर झाकून टाक.